मालकानेही हातात पाना धरावा

घरी विमान बांधणाऱ्यांपासून वऱ्हाडच्या कारागिरांनी काय घ्यावे?

अमरावतीच्या इतवाऱ्यापासून पठाण चौकापर्यंत किंवा अकोल्याच्या ताजनापेठेत एक चक्कर मारा. पत्रा ठोकणारे, रेडिएटरला डाग देणारे, मोटार भरणारे, ट्रकची बॉडी बांधणारे, लेथवर शाफ्ट उतरविणारे असे शेकडो हात तिथे सकाळपासून कामाला लागलेले दिसतात. यातील बहुसंख्य आपले बांधव आहेत. समाजात कारागिरांची वाण नाही. वाण आहे ती कारागिरीच्या नोंदीची, मापाची आणि शिस्तीची. आजचा विषय त्यामुळेच थोडा वेगळा निवडला आहे. स्वतःचे विमान स्वतःच्या हाताने बांधणारी माणसे हे काम शिकतात कसे, आणि त्यांच्या शिकण्यातून आपल्या धंद्याला काय घेता येईल, हे पाहू.

विमानाचा आणि आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आता दारात आला आहे. बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. त्याच बेलोऱ्याला वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारण्याचे एअर इंडियाने २०२४ साली जाहीर केले आणि तिच्यासाठी ३४ प्रशिक्षण विमानांची मागणी नोंदविली. विमाने आली की त्यांची निगा आली, निगा आली की हात आले. ते हात कोणाचे असतील, हा प्रश्न अमरावती-अकोल्याच्या कारागिरांनी आजच स्वतःला विचारला पाहिजे.

कांदिवलीची गच्ची

महाराष्ट्रात या विषयाचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे कॅप्टन अमोल यादव. व्यवसायाने वैमानिक, कुटुंब मूळ सातारा जिल्ह्यातले. १९९८ च्या सुमारास त्यांनी स्वतः विमान बांधण्याचा पहिला प्रयत्न सुरू केला. पहिल्या प्रयत्नांत विमान उडाले नाही, पण हात तयार झाला. पुढे मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमानाचे काम हाती घेतले. वैमानिकाची नोकरी सांभाळून उरलेला वेळ गच्चीवर द्यायचा, हा क्रम वर्षानुवर्षे चालला. घरच्यांचा पैसा, दागिने, घर, सर्व काही या कामामागे लागले.

२०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते विमान गच्चीवरून क्रेनने उतरवून लोकांसमोर ठेवण्यात आले. पण खरी परीक्षा कागदाची होती. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नोंदणीसाठी बराच काळ खेटे घालावे लागले. नोव्हेंबर २०१७ मध्ये 'व्हीटी-एनएमडी' या क्रमांकाने नोंदणी झाली. उड्डाणाची परवानगी मिळायला २०१९ उजाडले आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणीची उड्डाणे झाली. पहिल्या प्रयत्नापासून मोजले तर बावीस वर्षे!

या कथेत दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. एक म्हणजे, हा माणूस विमान चालवीत होता. विमान बांधणे हा त्याचा धंदा नव्हता. ते त्याला शिकावे लागले. दुसरी म्हणजे, बांधून झाल्यावर लगेच उडविण्याची घाई त्याला करता आली नाही. नोंदणी, तपासणी, परवानगी, मग धावपट्टीवर धावणे, मग उड्डाण, अशा पायऱ्या चढाव्या लागल्या. त्या पायऱ्यांनी त्याचा वेळ खाल्ला. पण अशा पायऱ्या जीव राखण्यासाठी असतात, हे पुढील उदाहरणावरून कळेल.

फुलसावंगीचा मुन्ना

दुसरे उदाहरण आपल्याच अमरावती विभागातले आणि आपल्याच समाजातले आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगी गावचा शेख इस्माईल शेख इब्राहिम. गाव त्याला मुन्ना म्हणे. आठवीच्या आसपास शाळा सुटलेली, वेल्डिंग आणि पत्र्याचे काम हातात बसलेले. या तरुणाने दोनेक वर्षे खपून एका माणसाला बसता येईल असे हेलिकॉप्टर स्वतः तयार केले. लोखंडी पाइपांचा सांगाडा आणि मोटारीचे इंजिन. 'मुन्ना हेलिकॉप्टर' असे त्याने त्याला नाव दिले. स्वातंत्र्यदिनी ते लोकांना दाखवावे, अशी त्याची इच्छा होती.

ऑगस्ट २०२१ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या काही दिवस आधी, रात्रीच्या चाचणीत मागचा पंखा तुटला, तो वरच्या मोठ्या पंख्यावर आदळला आणि तुटलेले पाते मुन्नाच्या डोक्याला लागले. वयाच्या चोविसाव्या वर्षी मुन्ना गेला. अल्लाह त्याची मगफिरत करो.

वर्तमानपत्रांनी चार दिवस हळहळ व्यक्त केली. काहींनी त्याला वेडा म्हटले, काहींनी सिनेमातल्या नायकाची उपमा दिली. दोन्ही गोष्टी त्याच्यावर अन्याय करणाऱ्या आहेत. मुन्ना वेडा नव्हता आणि सिनेमाचा नायकही नव्हता. तो कारागीर होता. त्याच्या हातात कमतरता नव्हती. कमतरता होती ती त्याच्या आजूबाजूला: माप सांगणारा उस्ताद नव्हता, कामाची तपासणी करणारा दुसरा डोळा नव्हता, चाचणी कशी घ्यावी हे सांगणारी पद्धत नव्हती.

वेल्डर बांधवांना एक साधी गोष्ट सांगतो. फिरणाऱ्या पात्यावरचा ताण फेऱ्यांच्या प्रमाणात वाढत नाही, फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेरे दुप्पट केले की मुळाशी ओढ चौपट, तिप्पट केले की नऊपट. जो सांधा हळू फिरताना पक्का वाटतो, तोच वेग वाढताच दगा देऊ शकतो. शिवाय वेल्डिंगच्या शेजारची जी पट्टी तापून थंड होते, तिथे धातूचा स्वभाव बदलतो आणि थरथरीने चीर बहुधा तिथूनच सुरू होते. चीर आधी केसाएवढी असते. ती डोळ्याला दिसत नाही, पण वाढत असते. म्हणून पाते फिरविणारी पहिली चाचणी यंत्र जमिनीला बांधून, दुरून इंजिन हाताळून, पात्याच्या फेऱ्याच्या पातळीत एकही माणूस उभा न ठेवता घ्यायची असते. हे मुन्नाला सांगायला कोणी नव्हते. हे दुःख त्याच्या घरापुरते नाही, आपल्या सर्वांचे आहे.

परदेशात हे कसे शिकतात?

अमेरिकेत घरी विमान बांधणाऱ्यांची मोठी संघटना आहे. विस्कॉन्सिन राज्यात १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी ती सुरू केली. दर वर्षी तिचा मोठा मेळा ऑशकॉश येथे भरतो. तिथला सरकारी नियम असा की विमानाच्या घडणीचा निम्म्याहून मोठा भाग हौशी लोकांनी स्वतः शिकण्यासाठी किंवा आवडीसाठी केलेला असावा. म्हणजे 'शिकणे' हेच कायद्याने मान्य केलेले कारण आहे! केलेल्या प्रत्येक कामाची वही आणि छायाचित्रे ठेवावी लागतात. तपासनीस येतो तेव्हा विमानाबरोबर वहीही बघतो.

विमान पूर्ण झाले म्हणजे ते लगेच गावावरून उडविता येत नाही. ठरवून दिलेल्या मोकळ्या टापूत साधारणतः २५ ते ४० तासांची चाचणी उड्डाणे करावी लागतात. बांधणाऱ्याला त्या एका विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करण्याचे प्रमाणपत्र मिळू शकते. पण त्याने विमान विकले तर ते प्रमाणपत्र नव्या मालकाकडे जात नाही. हुनर माणसाबरोबर राहतो, मालाबरोबर विकला जात नाही, असा हा हिशेब आहे.

विकत घेणाऱ्या मालकापुढे म्हणूनच पेच उभा राहतो. विमान त्याचे, पण त्यातला एकही रिव्हेट त्याने ठोकलेला नाही. शहाणा मालक अशा वेळी खालपासून सुरुवात करतो. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत पत्र्याचे काम, कापड चढविणे, फायबरचे काम किंवा वेल्डिंग शिकतो. पहिल्या दिवशी विमानाला हात लावत नाही. दोन पत्र्यांचे तुकडे घेऊन रिव्हेट ठोकतो, चुकलेले ड्रिलने काढतो, पुन्हा ठोकतो. मग एखादी पत्र्याची पेटी किंवा पंखाचा वीतभर तुकडा बनवितो. नंतर जाणत्याच्या देखरेखीखाली तेल बदलणे, झाकणे उघडून आतले बघणे, झिजलेली नळी बदलणे. असे करता करता आपल्या यंत्राचा आवाज त्याला ओळखू येऊ लागतो.

आपल्याकडे वडिलांची डाळ मिल, जिनिंगमधले वर्कशॉप, गॅरेज किंवा छापखाना मुलाच्या हाती येतो. मुलगा गल्ल्यावर बसतो. मशीन बंद पडली की मिस्त्रीला फोन. मिस्त्री म्हणेल तो भाव, मिस्त्री म्हणेल तो दिवस. हंगामात चार दिवस मिल बंद राहिली तर नुकसान किती, हे अकोल्याच्या डाळवाल्यांना सांगायला नको. मालकाने मिस्त्री व्हावे असे नाही. पण बेअरिंग का तापले, पट्टा का सरकतो, हे त्याला कळले पाहिजे. नाहीतर धंदा त्याचा नसतो, मिस्त्रीचा असतो.

पत्र्याचे काही धडे

विमानाच्या पत्र्याचे काही नियम आपल्या पत्रेवाल्या बांधवांना उपयोगी पडतील, म्हणून देत आहे.

रिव्हेटचे भोक पत्र्याच्या कडेला फार जवळ नको. भोकाचा मध्य कडेपासून रिव्हेटच्या जाडीच्या किमान दुप्पट आत असावा. पाव इंच जाडीचा रिव्हेट असेल तर मध्य अर्धा इंच आत. ठोकण्यापूर्वी रिव्हेट पत्र्याबाहेर जाडीच्या दीडपट निघालेला असावा. ठोकल्यानंतर तयार होणारे डोके रुंदीला जाडीच्या दीडपट आणि उंचीला निम्मे भरले पाहिजे. हे अंदाजाने नाही, गेज लावून बघतात.

ड्रिल मारल्यावर भोकाच्या काठाला जी धार राहते, ती दोन्ही बाजूंनी साफ करतात. ती ठेवली तर दोन पत्रे नीट बसत नाहीत आणि चीर सुरू व्हायला जागा मिळते. पत्र्याची कापलेली कडही कानस मारून गुळगुळीत करतात. ॲल्युमिनियमवर शिसपेन्सिलीने खूण करीत नाहीत, कारण तिच्यातले ग्रॅफाइट धातूला हळूहळू खाते. बारीक मार्कर वापरतात. अणकुचीदार सुईने रेघ तर मुळीच ओढीत नाहीत. ती रेघ म्हणजे पुढच्या चिरेची सुरुवात.

नट आवळताना 'हाताला लागेल तेवढा' हे माप चालत नाही. टॉर्क पाना लावतात, आकडा वहीत लिहितात आणि आवळलेल्या नटावर रंगाची रेघ मारतात. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसते. ही रंगाची रेघ आपल्या ट्रकच्या चाकाला आणि पिठाच्या गिरणीलाही मारता येते. खर्च काहीच नाही.

तपासणारा डोळा किती मोलाचा, याचे ताजे उदाहरण आहे. अमेरिकेतील ऑरेगन राज्यातली व्हॅन्स एअरक्राफ्ट ही घरी बांधायच्या विमानांचे सुटे भाग विकणारी नामांकित कंपनी. तिच्या काही पत्र्यांची भोके लेसरने कापलेली आली. २०२३ साली बांधणाऱ्या मालकांनाच असे आढळले की रिव्हेटसाठी दाबल्यावर त्या भोकांच्या काठाला चिरा जात आहेत. कंपनीला भाग बदलून द्यावे लागले आणि त्या वर्षअखेर ती दिवाळखोरीच्या संरक्षणाखाली गेली. पुढच्या वर्षी ती त्यातून बाहेर आली. कारखान्याच्या शिक्क्यावर विश्वास ठेवून डोळे मिटणाऱ्याला ही चीर दिसली नसती. ज्याने शंभर भोके स्वतः साफ केली होती, त्यालाच एकशे एकावे भोक खटकले.

आपली परंपरा आणि आपली उणीव

हाताच्या कामाला आपल्या दीनमध्ये किती मान आहे, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. हजरत दाऊद (अ.) लोखंडाची चिलखते बनवीत, आणि त्यांना कड्या मापात जोडण्याची शिकवण होती. मापात! श्रमाबरोबर मापाचाही उल्लेख यावा, ही गोष्ट प्रत्येक लोहाराने आणि वेल्डरने मनात ठेवण्यासारखी आहे. नवव्या शतकात अंदलुसच्या कुर्तुबा शहरात अब्बास बिन फिरनास यांनी पंख लावून उडण्याचा प्रयत्न केला. नंतरचे इतिहासकार अल-मक्करी यांनी त्याची नोंद केली आहे, आणि उतरताना ते जखमी झाले ते शेपटीची व्यवस्था न केल्यामुळे, असे कारणही दिले आहे. हजार वर्षांनी आपण ते वाचू शकतो, कारण कोणीतरी चूक लिहून ठेवली.

आपल्या वर्कशॉपमध्ये चूक लिहिली जात नाही. ती उस्तादाच्या शिवीत जाते आणि शागीर्दाच्या मनात राहते. उस्ताद इंतकालानंतर चाळीस वर्षांचे ज्ञान बरोबर घेऊन जातो. मुलगा दहा-बारा वर्षे गॅरेजमध्ये राबतो, हात सोन्यासारखा होतो, पण नोकरीच्या दारात कागद मागितला की त्याच्याकडे आधार कार्डाशिवाय काही नसते. विमानाच्या धंद्यात तर सही नसलेले काम झालेच नाही, असे धरतात. आपल्या मुलांची गाडी इथेच अडते.

करावयाचे काय?

पहिली गोष्ट, प्रत्येक वर्कशॉपने एक वही घालावी. तारीख, काम, वापरलेला माल, काय चुकले, कोणी तपासले. केलेल्या कामाचे मोबाइलवर छायाचित्र काढावे. शागीर्दाचे नाव आणि त्याने शिकलेली कामे त्यात यावीत.

दुसरी गोष्ट, हाताला कागदाची जोड द्यावी. अमरावती आणि अकोल्याच्या शासकीय आयटीआयमध्ये वेल्डर, फिटर, टर्नर यांसारखे अभ्यासक्रम चालतात. वेल्डरच्या अभ्यासक्रमाला आठवी पास मुलालाही वाट असते. जो मुलगा आधीच गॅरेजमध्ये तयार झाला आहे, त्याला हे वर्ष जड जाणार नाही. ज्यांचे वय वाढले आहे, त्यांनी पूर्वी मिळविलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्या सरकारी योजनांची चौकशी जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात करावी. लोहार, सुतार, कुलूप बनविणारे, शिंपी अशा १८ व्यवसायांसाठी सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजनाही आहे. तिच्यात प्रशिक्षण, ओळखपत्र आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आहे. व्याजाचे कर्ज हा तिचा वेगळा भाग आहे. तो घेतलाच पाहिजे असे बंधन नाही. व्याजापासून दूर राहणाऱ्यांनी कर्जाच्या भीतीने संपूर्ण योजनेकडे पाठ फिरवू नये.

तिसरी गोष्ट, ज्या घरात बारावीला भौतिक, रसायन आणि गणित घेऊन शिकणारा मुलगा किंवा मुलगी आहे, तिथे विमान देखभाल अभियंत्याच्या परवान्याचा विचार व्हावा. त्यासाठी महासंचालनालयाची मान्यता असलेल्या संस्थेतच प्रवेश घ्यावा. फी भरण्यापूर्वी ती मान्यता स्वतः तपासून पाहावी. या क्षेत्रात जाहिराती मोठ्या असतात आणि बुडालेली फी परत येत नाही.

चौथी आणि शेवटची गोष्ट मुन्नासारख्या मुलांसाठी. आपल्या मोहल्ल्यात काहीतरी नवे बनविणारा मुलगा असेल तर त्याची चेष्टा करू नका आणि नुसत्या टाळ्याही वाजवू नका. त्याला जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वर्कशॉपपर्यंत न्या, एखाद्या जाणत्या प्राध्यापकाशी गाठ घालून द्या. उडणारे यंत्र असेल तर नोंदणी आणि परवानगीशिवाय ते उडविता येत नाही, हे त्याला प्रेमाने समजावून सांगा. चाचणीच्या दिवशी त्याच्या शेजारी एक असा माणूस उभा करा, ज्याला 'आज नको' म्हणण्याचा हक्क असेल.

कांदिवलीच्या गच्चीला बावीस वर्षे मिळाली. फुलसावंगीच्या मुन्नाला दोन मिळाली. मधल्या वीस वर्षांचे अंतर नशिबावर ढकलून मोकळे होता येणार नाही. ते अंतर उस्ताद, वही, पैसा आणि तपासणारा डोळा यांचे आहे. पैसा सर्वांकडे नसतो. पण उस्ताद, वही आणि डोळा ही तीन कामे आपल्या इतवाऱ्यात आणि ताजनापेठेत उद्या सकाळी दुकान उघडताना सुरू करता येतील. शंभर पानी वहीला फार पैसे लागत नाहीत. बिस्मिल्लाह म्हणून तिचे पहिले पान लिहावे.